मक्यातले साहेब

शेती म्हणजे काही वेगळं नसतं, फायलिंगच असतं, असं हेडक्लार्कांचं ठाम मत होतं. बी ओळीत लावायचं, ओळींना नंबर द्यायचे, पुढचं बी बघून घेतं. छत्तीस वर्षं कचेरीत काढून ते गावी परतले, नदीकडे उतरणाऱ्या टेकडीवर अर्धा एकर मका लावला आणि पायवाटेवरून जाणाऱ्या प्रत्येकाला शेती शिकवू लागले. लोक शेताजवळ आले की धावत सुटायचे.

मनात इच्छा मात्र एकच होती. नदीवरच्या लाकडी पुलाच्या समितीचं अध्यक्ष व्हायचं. पुलाच्या निम्म्या फळ्या नदीने केव्हाच नेल्या होत्या. उरलेल्यांवरून जाताना शेळ्यासुद्धा एकमेकींना ‘आधी तुम्ही’ म्हणत.

गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात हेडक्लार्क दूधवाल्याविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले. चाळीस मिनिटं बोलले. मत पडलं एक, तेही स्वतःचंच. बायकोचा हात दूधवाल्याच्या बाजूने मोजला गेला.

“मी पंखा लावा म्हणून हात वर केला होता,” ती म्हणाली.

“मग खाली का नाही घेतलास?”

“पंखा कुठे लावला कुणी?”

यंदाची सभा रविवारी होती. त्याआधीच्या सोमवारी त्यांनी कावळ्यांच्या बंदोबस्तासाठी बुजगावणं केलं. बांबू आणि पेंढा; अंगात स्वतःचा कचेरीतला तपकिरी कोट, डोक्याला स्वतःची हॅट, चष्म्याची जुनी फ्रेम आणि खिशाला बंद पडलेलं पेन. “कावळ्याला अधिकार दिसला पाहिजे,” ते म्हणाले. पण बांबूसाठी खड्डा खणताना पाठीत अशी उसण भरली, की बुजगावणं उभं राहिलं आणि हेडक्लार्क आडवे झाले.

तो आठवडा धुक्याचा निघाला. नदीवरून धुकं उठायचं ते टेकडीवर येऊन बसायचं. पायवाटेवरून पाहिलं तर शेतातला माणूस म्हणजे नुसता एक कोट आणि एक हॅट.

मंगळवारी दूधवाला दारात दूध मापता मापता म्हणाला, “वहिनी, साहेबांना झालंय काय? पहाटेपासून शेतात उभे आहेत. मी गाईच्या दुखण्याचं सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. मध्ये एक शब्द बोलले नाहीत.”

“मग काय म्हणाले?”

“काही नाही. तेच तर सांगतोय. भरून आलं मला.”

आत गादीवर हेडक्लार्कांनी कान टवकारले.

“सांगू का त्याला खरं?” बायकोने आत येऊन विचारलं.

“थांब जरा. घाई कसली?”

बुधवारी शिंपीणकाकू दुकानात सगळ्यांना सांगत होत्या, “सुनेबद्दल पाऊण तास बोलले मी. एकदाही ‘मुद्द्याचं बोला’ म्हणाले नाहीत. माणूस सुधारला हो.” गुरुवारी दोन भाऊ विहिरीवरून साहेबांसमोर जाऊन भांडले. साहेबांनी दोघांकडे सारखंच पाहिलं. निकाल आपल्याच बाजूने लागला असं दोघांना वाटलं आणि नऊ वर्षांचं भांडण मिटलं. शुक्रवारी कुणीतरी कुंपणावरून जाऊन साहेबांच्या गळ्यात मफलर अडकवला आणि नजर न उचलता परत आलं. शनिवारी दूधवाल्याने जाहीर केलं, “यंदा मी उभा राहत नाही. अध्यक्ष साहेबच.”

“आता तरी सांगू?” बायको.

“खबरदार. कोट माझा, हॅट माझी, पेन माझं. मग राहिलं काय?”

“गप्प राहणं,” ती म्हणाली.

रविवारी पाठीला पट्टा आवळून हेडक्लार्क शाळेतल्या सभेला गेले. तोंड उघडायचं नाही, अशी बायकोची ताकीद होती. दूधवाल्याने ठराव वाचला: “मक्याच्या शेतात उभे राहून सगळ्यांचं निमूटपणे ऐकून घेणारे साहेब यांना वर्षभरासाठी अध्यक्ष नेमण्यात येत आहे.” झाडून सगळे हात वर गेले. बायकोचाही गेला. आणि थंडी असल्यामुळे पंख्याचा प्रश्नच नव्हता.

हेडक्लार्कांना उमाळा आवरला नाही. “मित्रहो,” ते उठून म्हणाले, “प्रथम नऊ मुद्दे मांडतो.”

दुसऱ्या मुद्द्याला शिंपीणकाकू कुजबुजल्या, “वहिनी, शेतात असतात ते हेच का हो?”

तिसऱ्या मुद्द्याला बायकोचा धीर सुटला. “शेतात हे नसतात, काकू. ते बुजगावणं आहे. हे सोमवारपासून गादीवर होते.”

दोन्ही भाऊ एकमेकांकडे पाहायचं टाळून वर्गातल्या फळ्याकडे पाहू लागले.

“मग मतं पुन्हा घेऊ,” कुणीतरी म्हणालं.

हेडक्लार्क कडाडले, “झालेला ठराव फिरवता येत नाही. नियम अकरा.”

“बरोबर आहे,” दूधवाला म्हणाला आणि त्याने ठराव पुन्हा वाचला. या वेळी सावकाश. “मक्याच्या शेतात उभे राहून...”

हेडक्लार्क पट्टा सांभाळत खाली बसले. आधी शिंपीणकाकूंना हसू फुटलं, मग भावांना, मग वर्गाला. शेवटी हेडक्लार्कही हसले, पाठ दुखेस्तोवर.

आता समितीची सभा दर रविवारी मक्याच्या बांधावर भरते. लोक अध्यक्षांपुढे मनसोक्त बोलतात, बोलून दमतात आणि दमले की एकमत होतं. महिन्याभरात पूल नवा झाला. शेळ्या त्यावरून उड्या मारत जातात. मका तेवढा कावळ्यांनी फस्त केला. अध्यक्षांनी त्यांचंही ऐकून घेतलं.

हेडक्लार्कांना एकमताने चिटणीस केलंय. अक्षर चांगलं आहे आणि लिहिणाऱ्याला बोलता येत नाही. सभेचा वृत्तान्त लिहून झाला की ते खाली ‘अध्यक्षांकरिता’ म्हणून झोकात सही ठोकतात. हात जराही अडत नाही. साहेब नुसते उभे, आणि काम आपण करायचं: छत्तीस वर्षांची सवय आहे.