चार वेद कळपाच्या राखणीस बसविले, ती हकीकत

श्री अवधूतचरणीं मस्तक ठेवून, आणि ज्याच्या पायाशीं चार श्वान सदैव जागे त्याची करुणा भाकून, हा मजकूर मांडिला आहे. ऐकणारांनीं कान द्यावा, हसूं आल्यास हसावें, लिहिणारानें राग मानणें नाहीं. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, श्रावण मास. संवत्सर क्रोधी, परंतु ज्यांची ही हकीकत त्या सौभाग्यवती सगुणाबाईसाहेब यांस क्रोध म्हणून ठाऊक नव्हता. बोलणें इतकें मृदु कीं समोरील मनुष्यानें दोन वेळां "काय?" म्हणावें आणि तिसऱ्या वेळीं नुसती मान डोलवून निघून जावें. राज्याची व्याप्ति म्हणावी तर एक टेकडी, तिजभोंवतीं तारेचें कुंपण, फाटकाबाहेर लगत घर, पूर्वेस ओढा, पश्चिमेस गांव, उत्तरेस वाऱ्याखेरीज कोणी नाहीं. बाईसाहेबांचे यजमान राजश्री भुजंगराव सरकार यांणीं शहरांतील नोकरी संपतांच ही टेकडी संपादिली, आणि लोक टेकडीवर आंबा लावितात, काजू लावितात, यांणीं सातां समुद्रांपलीकडून अल्पाका नामें जनावरें आणविलीं. जनावराचें वर्णन ऐसें कीं मान उंटाची, लोकर मेंढीची, डोळे बोहल्यावरील नवरीचे, आणि स्वभाव लग्नांत मान न मिळालेल्या आत्याचा. कळपाची जी मुख्य होती तिचें नांवही आत्याबाई ऐसेंच पडलें. आत्याबाई रुष्ट जाहल्या म्हणजे थुंकत, आणि नेम चुकत नसे. त्या सालीं आत्याबाई गाभण होत्या, म्हणोन रुष्ट बारमाही होत्या.

बाईसाहेबांचे नेम पुष्कळ. पहाटे स्नान, मग पोथी, मग तुळशीस पाणी. सोमवारीं पूजा होईतों मौन, जें इतर वारांहून निराळें कोणास ओळखूं येत नसे. आणि सर्वांत कडक नेम हा कीं श्वानास स्वहस्तें घास घातल्यावांचून आपण अन्नास शिवावयाचें नाहीं, आणि श्वान कैसाही असो, त्यास "हाड" म्हणावयाचें नाहीं. कारण श्रीगुरूंच्या पायाशीं उभे ते चार श्वान म्हणजे चार वेद, आणि वेदांस हाड कोण म्हणेल? टेकडीवर घरचें कुत्रें नव्हतें. सबब बाईसाहेब दोन प्रहरीं हातांत घास घेऊन कुंपणाच्या फाटकाशीं उभ्या राहत, आणि गांवचें एखादें मोकाट कुत्रें येई, आणि घास खाई, आणि मग बाईसाहेब जेवीत. एकाचे दोन जाहले, दोहोंचे पांच जाहले, आणि त्या पांचांनीं घास खातां खातां कुंपणापलीकडे दृष्टि टाकिली तों मांसाचे चालते डोंगर चरतांना दिसले. येणेंप्रमाणें परचक्रास वाट दाखविण्याचें पुण्य बाईसाहेबांच्या पदरीं पडलें. एके दिवशीं फौज तारेखालून आंत शिरली आणि एका अल्पाकाची तंगडी फाडून गेली. सरकार संतापले आणि म्हणाले, "राखणीला कुत्री पाहिजेत. चांगल्या रक्ताची, डोंगरातल्या मेंढरांमागे वाढलेली!" बाईसाहेबांनीं मनांत म्हटलें, घरीं श्वान येतात, नेम सुखरूप जाहला, आणि देवापुढें साखर ठेविली.

मग श्रावण शुद्ध पंचमीस दूरदेशाहून टेंपोंत बसोन चार पिल्लें आलीं. पांढरीं, केसाळ, पंजे अस्वलाएवढे आणि अक्कल अद्याप वाटेंत. संगें विकणाराचा वकील आला, त्यानें हात जोडून बाईसाहेबांस सांगितलें, "ताई, नीट ऐका. हे राखणदार आहेत, लाडके नाहीत. घरात घ्यायचे नाहीत, मांडीवर घ्यायचे नाहीत, आणि हातानं भरवायचं तर मुळीच नाही. जनावरांत वाढले तर जनावरांना आपलं समजतील. तुमच्यात वाढले तर तुम्हाला. मग लांडगा आला तरी हे तुमच्या पदराखाली." बाईसाहेब म्हणाल्या, "बरं." हें बरं म्हणजे ऐकलें ऐसें, करीन ऐसें नव्हे. हा भेद वकिलास कळला नाहीं, कारण तो अविवाहित होता. टेंपो वळणाआड होतो न होतो तों बाईसाहेबांनीं चारी पिल्लें ओळीनें बसविलीं, कुंकवाचीं बोटें लाविलीं, आणि नामकरण केलें तें ऋग्वेद, यजुर्वेद, सामवेद, अथर्ववेद. मग प्रत्येकास स्वहस्तें दूधभाताचा घास दिला, आणि आपण प्रथमच वेळेवर जेवल्या.

वेद गोठ्यांत निजावयाचे, ते स्वयंपाकघराच्या दाराशीं निजूं लागले. ऋग्वेदानें दोरी खाल्ली, यजुर्वेदानें नैवेद्याची वाटी चाटून देवापुढें पालथी घातली, सामवेद आरतीच्या वेळीं असा सूर लावी कीं टाळ वाजविणारांनीं टाळ खालीं ठेवावे, आणि अथर्ववेदाची गति पादत्राणांत, त्यांतही पाहुण्यांच्या. घरांत थोरल्या बाईसाहेब होत्या, सरकारांच्या मातोश्री, वय झालें होतें, पण जिव्हेस झालें नव्हतें. त्या ओसरीवरून म्हणाल्या, "सगुणे, तुझ्या चौथ्या वेदानं माझी डावी चप्पल तोंडपाठ केली. उजवीचा अध्याय उद्या का?" बाईसाहेब पुटपुटल्या, "लहान आहेत हो आई." "काय?" "लहान आहेत." "काय?" मग थोरल्या बाईसाहेबांनीं मान डोलविली.

भाद्रपद गेला, आश्विन लागला. वेद वाढले, वासराएवढे जाहले, आणि दिवसा सरकारांनीं हांकलल्यावर कळपांत जाऊन बसूं लागले. परंतु दोन प्रहरीं नैवेद्याची घंटा वाजली कीं चौघेही मोर्चे टाकून, खंदक ओलांडून, स्वयंपाकघराच्या पायरीशीं हजर. ही गोष्ट शत्रूनें टिपून ठेविली. गांवचीं पांचही कुत्रीं, जीं आतां घासास मुकलीं होतीं आणि त्याबद्दल मनांत दंश धरून होतीं, तीं एके दिवशीं घंटा ऐकतांच तारेखालून आंत शिरलीं. इकडे वेद घास घेत होते, तिकडे रण माजलें. कळप सैरावैरा जाहला, आणि आत्याबाई, पोट एवढें, धांवतां येईना, मग त्यांणीं एकटीनें शत्रूस तोंड दिलें, म्हणजे अक्षरशः तोंडानेंच दिलें. पहिली थुंकी शत्रूच्या सेनापतीस, दुसरी त्याच्या भावास, आणि तिसरी काठी घेऊन धांवत आलेल्या सरकारांस. शत्रु परतला. सरकार तसेच, न पुसतां, स्वयंपाकघराच्या दाराशीं आले. वेदांनीं शेपट्या हालविल्या. सरकार म्हणाले, "अगं, हे राखणदार आहेत की जावई?" बाईसाहेब अथर्ववेदाच्या तोंडाचा भात पुसूं लागल्या. "हे बघ. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या सुमारास आत्याबाई विणार. पोर पडलं की कुत्री टपलेलीच. तोवर हे कळपात बसले तर ठीक. नाहीतर चौघांना परत पाठवतो आणि दुसरे आणतो. मग तू रड नाहीतर उपास कर." ही आज्ञा ऐकोन बाईसाहेबांनीं चौघांच्याही पाठीवरून हात फिरविला. त्यांचें लेंकरूं एक, तें समुद्रापलीकडे. घरांत पायांत घोटाळणारें असें कोणी बहुत वर्षांत नव्हतें.

मग बाईसाहेबांनीं युक्ति काढिली कीं वेद घासासाठीं येतात, तर घासच तिकडे न्यावा. दुसरे दिवशीं सोंवळ्यानें, ताट झांकून, कळपांत जाऊन पाटावर बसल्या. वेद आले आणि चौंबाजूंस बसले, परंतु तोंड ताटाकडे आणि पाठ कळपाकडे. बाईसाहेब म्हणाल्या, "ऋग्वेदा, जरा तिकडे तोंड करून बसतोस का रे?" ऋग्वेदानें जांभई दिली. आत्याबाईंस आपल्या राज्यांत परकें सोंवळें सहन न होऊन त्यांणीं नेम धरिला. बाईसाहेब परत आल्या, पुन्हां न्हाल्या, पुन्हां नेसल्या, पुन्हां गेल्या, आणि पुन्हां न्हाल्या. तिसऱ्या स्नानास थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, "कार्तिकस्नानाचं पुण्य एका दिवसात उरकतेस का गं?" आणि बाईसाहेब उठल्या कीं वेदही उठत, आणि ताटामागें मिरवणूक निघे. सरकार शिडीवर चढून गोठ्याचा पत्रा ठोकीत होते, तेथून म्हणाले, "राखण झक्कास चालली आहे. पण आत्याबाईंची नव्हे, तुझी."

त्या सांजेस सासूसुना वाती वळीत बसल्या आणि थोरल्या बाईसाहेबांनीं विषय काढिला. "एकदा हाड म्हण, सुटेल सगळं." "वेदांना, आई?" "वेदांना नको म्हणूस. कुत्र्यांना म्हण." "तेच ते आहेत ना पण." मग थोरल्या बाईसाहेबांनीं देव्हाऱ्यावरील तसबिरीकडे बोट दाखविलें. "बघ तिकडे. इतकी वर्षं हात जोडतेस. एकतरी मांडीवर बसलाय का?" बाईसाहेबांनीं पाहिलें. श्रीगुरु उभे, मागें गाय, पायाशीं चार श्वान. आणि खरेंच, एकही मांडीवर नव्हता. बाईसाहेब म्हणाल्या, "उभ्या माणसाला मांडी कुठली, आई?" परंतु त्या रात्रीं त्यांच्यानें पोथीचें पान उलटवलें नाहीं, ऐसें म्हणतात.

पुढें मार्गशीर्ष लागला. एके दिवशीं दोन प्रहरीं बाईसाहेब घास घेऊन कळपाकडे निघाल्या, वेद पायांत घोटाळत मागें. सरकार शिडीवर, थोरल्या बाईसाहेब ओसरीवर जपास बसलेल्या. बाईसाहेब फाटकांतून आंत येतात तों काय पाहतात, आत्याबाई एकट्या कोपऱ्यांत बसलेल्या, पोटाच्या ओझ्यानें उठवेना, तोंड कोरडें पडलेलें, आणि पलीकडून तारेखालीं एक डोकें, मग दुसरें, मग तिसरें. शत्रु आंत येत होता. बाईसाहेबांनीं वेदांकडे पाहिलें. वेद बाईसाहेबांच्या हाताकडे पाहत होते. म्हणाल्या, "अरे, तिकडे बघा." एकही हालला नाहीं. म्हणाल्या, "बाळांनो, जा ना रे." सामवेदानें लाडिक सूर लाविला. शत्रु आत्याबाईंपासून दहा हातांवर आला. मग बाईसाहेब मोठ्यानें, इतक्या मोठ्यानें कीं ओढ्यापलीकडे टिटव्या उडाल्या, म्हणाल्या, "हाड!"

सरकारांचा हातोडा पत्र्यावरून घरंगळत खालीं गेला. थोरल्या बाईसाहेबांच्या हातांतील माळ तुटली आणि मणी ओसरीभर जाहले. शत्रु जागीं थबकला, कारण हा शब्द त्याच्या ओळखीचा होता, परंतु या मुखांतून नव्हे. आणि वेद? वेदांनीं बाईसाहेबांकडे असें पाहिलें कीं तें लिहितां येत नाहीं. कान पडले, शेपट्या पोटाखालीं गेल्या. अथर्ववेद एक पाऊल पुढें आला, अजून विश्वास बसेना म्हणोन. बाईसाहेबांनीं घास भुईवर टाकिला, डोळे मिटले आणि पुन्हां म्हटलें, "हाड! चालते व्हा!" मग चौघेही वळले, आणि जावयास दुसरें घर नाहीं म्हणोन आत्याबाईंच्या अंगाशीं जाऊन दडले, आणि नवल हें कीं आत्याबाई थुंकल्या नाहींत, उलट मान लांबवून त्यांणीं ऋग्वेदाचे कान हुंगले. तेथें बसोन वेदांनीं मान वर केली तों शत्रु नाकासमोर. मनांत दुःख होतें, तें कोणावर तरी काढावयाचें होतें. चौघे एकदम उठले आणि असे भुंकले कीं शत्रु आला त्याहून निम्म्या वेळांत तारेखालून बाहेर पडला, आणि सेनापतीच्या पाठीचे केस तारेस राहिले.

बाईसाहेब घरीं आल्या आणि त्या दिवशीं जेवल्या नाहींत, आणि दुसरे दिवशींही नाहीं. सरकार म्हणाले, "अगं, तू तर रण जिंकलंस!" बाईसाहेब म्हणाल्या, "कांदा चिरतेय, डोळ्यांत जातो." त्यांच्या घरीं मार्गशीर्षांत कांदा आणीत नसत, पण सरकारांनीं तें बोलून दाखविलें नाहीं. तिसरे दिवसापासून त्या घास कळपांतील दगडी द्रोणींत ठेवीत आणि मागें न पाहतां परत येत. वेद प्रथम दोन दिवस फाटकापर्यंत येऊन उभे राहत. मग येईनासे जाहले.

पौर्णिमेस सकाळीं, ऊन चढतां चढतां, आत्याबाई व्याल्या. पिल्लूं तांबूस, पाय काड्यांसारखे, उभें राहतें आणि बसतें, पुन्हां उभें राहतें. बाईसाहेब हळदीची वाटी घेऊन सोंवळ्यानेंच धांवल्या, फाटक उघडून आंत शिरल्या, तों अथर्ववेद वाट अडवून उभा. बाईसाहेब म्हणाल्या, "अरे, मी रे." अथर्ववेद गुरगुरला. म्हणाल्या, "बाळा, मी आहे." त्यानें दांत दाखविले आणि पिल्लाच्या आणि त्यांच्या मध्यें आडवा जाहला, मागें बाकीचे तीन वेद तीन दिशांस तोंडें करून बसले होते, आणि एकाचेंही तोंड बाईसाहेबांकडे नव्हतें. बाईसाहेबांनीं हळदीची वाटी पदराखालीं घेतली. मग मागें सरल्या, फाटक लाविलें, कडी घातली, ओढून पाहिली, आणि घराकडे निघाल्या. ओसरीवरून थोरल्या बाईसाहेबांनीं विचारिलें, "काय गं, बघितलंस पोर?" बाईसाहेब म्हणाल्या, "नाही हो, आई. मला आत सोडलंच नाही!" हें त्या इतक्या स्पष्ट बोलल्या कीं थोरल्या बाईसाहेबांस "काय?" म्हणावें लागलें नाहीं.

एवंच, आत्याबाई आणि त्यांचें पिल्लूं सुखरूप आहेत, वेद परत गेले नाहींत, कळपांत आहेत, आणि शत्रु गांवांत आहे. बाईसाहेब कुंपणाबाहेरून पाहतात आणि म्हणतात, राखण अशीच असावी. म्हणतात खऱ्या.