रोहीवरची फेरी

"आणखी एक फेरी! एकच!"

पोहरादेवीच्या जत्रेत ऐकलेला तो आवाज निजामुद्दीन मिस्त्रींच्या कानात अजून ताजाच होता. जत्रेतली मोडकी लाकडी घोड्यांची चक्री दुरुस्त करायला ते गेले होते, आणि दुरुस्त झाल्यावर पहिल्या फेरीत त्यांनी नव्या नवरीला, जैतुनबीला बसवलं होतं. चक्री फिरली, धूळ उडाली आणि धुळीतून ते ओरडणं, खिदळणं आलं.

ते पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून तर म्हातारपणी त्यांनी आसेगावच्या बागेसाठी सागवानी चक्री कोरायला घेतली. मोर, काळवीट, अस्वल, रोही म्हणजे नीलगाय, आणि वाशीमच्या जुन्या वाकाटक राजाचा रथ. राजाचं तोंड कुणीच पाहिलेलं नसल्यानं बागसमितीचे अध्यक्ष जगदेव पाटील स्वतःच समोर बसले. त्यामुळे राजाला जाड भुवया आल्या, थोडं पोटही आलं.

"पयल्या फेरीत तू बसजो," मिस्त्री जैतुनबीला म्हणाले.

"मले भाजी चिरायची हाये."

"उद्घाटनाच्या दिवशी?"

"त्या दिवशी लोक जेवत नाही का?"

उद्घाटनाला ती आली, पण कुंपणापाशीच उभी राहिली. चक्रीवर मुलं चढणार, तेवढ्यात शेतकरी सोमलाची नजर रोहीवर पडली. मिस्त्रींनी कान असे टवकारलेले कोरले होते, की आत्ता उडी मारून शेतात घुसेल.

"हाच थो! माह्या हरभऱ्यात हाच शिरला होता!" सोमलानं पाठीवर चढून टाचा हाणल्या. "खाशीन? अजून खाशीन?"

त्याच्यामागं प्रेमसिंग चढला. त्याची तूर गेली होती. ज्यांचं सोयाबीन गेलं होतं ते मानेला, शेपटीला लोंबकळले. चक्री कुरकुरत त्या अंगाला कलली.

"उतरा बे!" मिस्त्री ओरडले.

"आमच्या वावरातून हा उतरला होता काय?"

"पाटील, तुमी रथात बसा! इकून वजन पायजे!"

पाटील आपल्याच पुतळ्याला खेटून बसले. चक्रीची कललेली बाजू जेमतेम बोटभर उचलली गेली.

"दोन-दोन राजे बसले, तरी पुरून नाही राह्यले!" सोमला रोहीवरून म्हणाला.

मधला खांब कर्रकन वाजला. मिस्त्रींचं तोंड उतरलं. भरल्या अंगाच्या जैतुनबीनं ते पाहिलं, ओढणी खोचली आणि ती रथात जाऊन बसली. चक्री सरळ झाली. लोकांनी टाळ्या वाजवत ती ढकलली.

मिस्त्री कान लावून उभे. रथ समोरून गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. जैतुनबी डोळे गच्च मिटून राजाचं नाक मुठीत धरून बसलेली. आवाज म्हणून नाही. शेवटी नाकच निघून आलं, तेव्हा पाटलांनी रथातूनच ओरडून चक्री थांबवायला लावली.

मिस्त्रींनी तिला पाणी दिलं. हळूच म्हणाले, "आज वरडली नाही तू. पोहरादेवीले कशी वरडली होती!"

जैतुनबीनं नाक त्यांच्या हातावर ठेवलं.

"अफ्रीनचे अब्बा, थो आवाज माहा नव्हताच. मांगच्या घोड्यावर कोनी बाई होती. मी तं ओकारी दाबून बसली होती. उतरली तं तुमी असे हासून राह्यले होते, का मंग माह्यानं सांगणंच झालं नाही."