म्हातारी मेली, झोपडी पेटली!

"आजकालचे गेम म्हणजे दुसऱ्याने चावून भरवलेला घास!" मी होणाऱ्या जावयाला सुनावलं.

लेकीने पसंत केलेला हा मुलगा पहिल्यांदाच घरी आला होता आणि दुर्दैवाने गेम बनवणाऱ्या कंपनीत होता! "आमच्या वेळी वीर आपण व्हायचं, नकाशाही आपणच काढायचा आणि वाट चुकली तर मुकाट मरायचं! आता पावलोपावली सूचना. बिनडोकांचे खेळ!"

लेकीने डोळे वटारले. पण मी एकदा सुटलो की ब्रेक तुटलेला टेम्पो!

मुलगा गरीब गाय. म्हणाला, "काका, आमचा नवा गेम आणलाय. खेळून बघता? तुमचा खेळ रेकॉर्ड करतो, टीमला उपयोग होईल."

"जरूर! आणि त्या सूचना-बिचना आधी बंद कर!"

मी, म्हणजे जखमी योद्धा, एका झोपडीत जागा झालो. समोर औषध देणारी म्हातारी. ती काहीतरी सांगू लागली. पण समोरच्याचं न ऐकण्याचा मला संसारातला दांडगा अनुभव! भराभर बटणं दाबून तिला गप्प केलं आणि दाराकडे वळलो. ढकललं. लाथ घातली. दार ढिम्म! चिडून तलवार उपसली, ती फिरली नेमकी म्हातारीवर!

"मेली! म्हातारी मेली!" मी ओरडलो.

स्वयंपाकघरातून बायको धावत आली. "अगं बाई! समोरच्या आजी गेल्या?"

"गेल्या नाहीत गं, मी मारली!"

"अहो, पाहुण्यांसमोर काय बोलताय!"

तिच्याकडे बघण्याच्या नादात भलतंच बटण दाबलं गेलं. योद्ध्याच्या हातातून पेटता कंदील सुटला आणि झोपडीने पेट घेतला.

"आग! आग लागली!"

हे ऐकून शेजारी भरली बादली घेऊन घुसला. आता आणलेलं पाणी परत कसं न्यायचं? विझवण्यासारखं काहीच न दिसल्यामुळे त्याने ते जावयावर ओतलं!

लेक रडवेली झाली. "बाबा, झालं समाधान?"

मला वाटलं, मोडलं लग्न! पण मुलगा चष्मा पुसत शांतपणे म्हणाला, "काका, दार आत ओढायचं होतं. म्हातारी तेच सांगत होती."

लग्न झालं. पोरगा खरंच सोन्यासारखा निघाला. पुढे तो गेमही बाजारात आला आणि जावयाने पहिली प्रत मलाच दिली. "बाबा, तुमचं रेकॉर्डिंग बघून साहेबांनी पुष्कळ बदल केले."

सुरू केला. 'अवघड', 'मध्यम', 'सोपं' आणि सगळ्यात खाली एक नवी पातळी: 'सासरेबुवा'!

तिच्यात म्हातारी मरत नाही, झोपडी पेटत नाही आणि दार उघडंच असतं.

"लोक सगळ्यात जास्त तीच खेळतात," जावई अदबीने म्हणाला. "राग आला असेल तर नाव बदलायला सांगू?"

"छे छे! राग कसला!" मी म्हणालो आणि तो बाहेर जाताच गुपचूप तीच निवडली.

सध्या झोपडीच्या अंगणात अडकलोय. फाटक ढकलायचं की ओढायचं, कुणाला विचारू?