जावयाची सोपी बिस्किटं

दुर्गाचं लग्न झालं ते सत्तावन्न साली. वैशाखात लग्न झालं, पाऊस लागायच्या आधी नवरा बोटीवर चढला आणि दिवाळसणाला परत आला. नवऱ्याचं नाव दत्ताराम. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्याने वाढवलेला, मुंबईच्या एका मोठ्या बोटीवर भटारखान्यात कामाला. मालवणकडच्या कट्टा गावाजवळच्या वाडीतले अप्पा मास्तर त्याचे सासरे आणि आनंदीबाई सासू.

आनंदीबाईंच्या जिवाला एकच घोर होता. लग्न होऊन इतके महिने झाले, तरी मुलगी माहेरच्याच चुलीपुढे. विहिरीवर गेलं की बायका विचारीत, "गो आनंदी, चेडू अजून हयच?" जावयाने मुंबईत खोली घ्यावी आणि दुर्गाला घेऊन जावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी भाऊबीज झाल्यावर त्यांनी कोंबडा कापला, वडे-सागोती केली आणि जावयाच्या पानात वाढतच राहिल्या.

दत्ताराम भरपूर जेवला. मग बोटं चाटत म्हणाला, "सागोती बरी आसा, आये. पण बोटीर सायबांसाठी बिस्किटां करतत, तेंची सर खंयच नाय. फोडल्यार आतसून गरम मटाण आणि चीज भायर येता. तांबड्या सॉसात बुडवन खावचा. ती जिका येतत, तिच्यासाठी मुंबैत खोली काय, बंगलो घेवचो!"

आनंदीबाईंचा वाढता हात थांबला. त्यांनी शब्दच मागितला. "दुर्गान ती केल्यान तर खोली घेतल्यात?"

"घेतलंय. शुक्रवारच्या आगबोटीन तिका घेवन जातंय."

"देवाक साक्ष ठेवन?"

"ठेवलंय."

"मग सांगा, कशी करतत ती?"

"सोपी आसत," दत्ताराम म्हणाला. "अगदी सोपी. खमीर घालून पीठ फुगवचा, खिमो आणि चीज भरूचा, वरखाली आग देवन भाजूचा. झाला!"

"खमीर किती?"

"ता मोठो भटारी बघता."

"आणि सॉस?"

"तो तांबडो आसता."

यापलीकडे जावयाला काही सांगता येईना. चीजचा एक डबा मात्र त्याच्या ट्रंकेत होता, तो त्याने काढून दिला. दुर्गाने डबा उघडून नाक दाबलं. "आये, ह्या खराब झालाहा."

आनंदीबाईंनी नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि गिळला. "खराब नाय. ह्याची चवच तशी आसा. तू मैदो चाळूक घे."

भाजण्याचं त्यांना भय नव्हतं. काकडीचं धोंडस भाजताना खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवायचे, हे त्या लहानपणापासून करत आल्या होत्या. सॉसही त्यांनी ठरवला: कोकमाचं आगळ, लाल मिरची, लसूण आणि गूळ. तांबडा हवा ना, मग यापेक्षा तांबडं काय असणार? अडलं ते खमिरापाशी. मालवणचे पाववाले पीठ माडाच्या आंबलेल्या रसाने, म्हणजे माडीने, फुगवतात, हे सगळ्या मुलखाला माहीत होतं. पण दारूबंदीचे दिवस होते, आणि गावच्या दारूबंदी समितीचे चिटणीस होते स्वतः अप्पा मास्तर.

बुधवारी अप्पा शाळेत गेले आणि दत्ताराम आगबोटीच्या तिकिटासाठी मालवणला गेला. आनंदीबाईंनी तांब्या पदराखाली घेतला आणि माडांच्या बागेत धोंडूला गाठलं. धोंडू चोरून माडी काढतो हे गावाला ठाऊक होतं; फक्त समितीला सापडत नव्हतं.

"वयनीनू, माका धरूक इलात?" धोंडू माडाला पाठ लावून उभा राहिला. "मास्तरांनी धाडल्यानी?"

"मास्तरांका कळला तर माका धाडतीत, माझ्या म्हायेराक. तांब्यो भर."

"मी माडी काढणंय नाय. देवाशपथ."

"मग ह्या मडक्यात काय आसा?"

"दव पडलाहा."

"मग तांब्याभर दव दी. चेडवाच्या संसाराचो प्रश्न आसा रे मेल्या!"

धोंडूने दव दिलं. वर म्हणाला, "पीठ मळूचा तर उन्हात ठेवा. आणि माझा नाव घेव नका."

पीठ मळून उन्हात ठेवलं. बेत असा, की चारच्या आत सगळं भाजून, घर सारवून मोकळं व्हायचं, कारण संध्याकाळी समितीची बैठक अप्पांच्याच पडवीत होती. पण मालवणहून मटण घेऊन येणारी गाडी उशिरा आली. आडाळ्यावर, म्हणजे मोठ्या विळीवर, खिमा करीपर्यंत ऊन कलंडलं, आणि पीठ काही थांबायला तयार नव्हतं. त्याने आधी झाकण उचललं, मग झाकणावरचा वरवंटा उचलला, आणि माडीचा आंबूस वास माजघरातून ओटीवर आणि ओटीवरून पडवीत गेला.

पडवीत समिती येऊन बसली होती. म्हणजे कट्ट्याचे दुकानदार भिकाजीशेट आणि घाटावरून बदलून आलेले हवालदार. अप्पा उभे राहून बोलत होते. समितीत ते नेहमी पुस्तकी भाषेत बोलत.

"आपल्या गावातून या व्यसनाचं समूळ उच्चाटन झालं आहे, असं मी अभिमानाने सांगतो."

हवालदारांनी नाक वर केलं. "मास्तर, वास येतोय बगा."

"कसला?"

"उच्चाटन झालंय त्याचाच."

अप्पा लालबुंद झाले. "माझ्या घराची झडती घ्या! आत्ता घ्या! कोपरा न् कोपरा बघा!"

आतून आनंदीबाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. हवालदार दारात आले, तेव्हा टोपावरचा वरवंटा हळूहळू कलत होता. तो धप्पकन खाली पडला आणि पिठाचा गोळा टोपाबाहेर आला.

"माडी आसा," आनंदीबाई पदर खोचून म्हणाल्या. "पण आमी कोण पिवक नाय. प्यालेला आसा ता पीठ."

अप्पा उंबऱ्यावरच बसले. पुस्तकी भाषा पार पळाली. "गो, काय केलंस गो ह्या! माझा नाव घालयलंस!"

"चेडवासाठी केलंय. ह्या पीठ भाजल्याशिवाय मी हलणंय नाय. मगे काय धरूचा ता धरा."

हवालदार विचारात पडले. "पिन्याबद्दल कायदा हाय. घरात ठेवन्याबद्दल बी हाय. पन खान्याबद्दल काय आटवत न्हाई. भाजल्यावर नशा ऱ्हाती का?"

एवढ्याशा फटीतून अप्पांना अब्रू दिसली. ते ताडकन उठले. "याचा निर्णय प्रयोगाने लागेल! नशा चढली तर गुन्हा, न चढली तर पक्वान्न. दोघी मिळून भाजा!"

मायलेकींनी गोळे केले, खिमा आणि चीज भरलं, तोंडं मिटली, केळीच्या पानावर टोपात मांडली. करवंट्यांचे निखारे खाली लागले, वर लागले. पहिला घाण उतरला तेव्हा समिती पडवी सोडून चुलीपाशी येऊन बसली होती. भिकाजीशेटनी बिस्किट फोडलं, चीजची तार मिशीला लागली, ती त्यांनी सॉसात बुडवली आणि डोळे मिटले.

"काय वाटतं?" अप्पांनी विचारलं.

"अजून काय चढूक नाय. दुसरा द्या."

हवालदारांनी त्यांना अंगणातल्या खळ्यात सरळ रेषेत चालायला लावलं. भिकाजीशेट तिसऱ्या पावलाला डावीकडे झुकले.

"चढली!" हवालदार ओरडले.

"ता माझा गुडघा! बापाशीचो पण असोच होतो. बिस्किटाचो काय दोष नाय. आणखी एक द्या, परत चलान दाखयतंय."

मग गुडघे धड असलेला माणूस हवा म्हणून हवालदारांनी खाल्लं. एका बिस्किटाने पोलिसाला चढत नाही म्हणून आणखी खाल्लं. जन्मात माडी न शिवलेल्या माणसावर परिणाम लवकर दिसेल, असं ठरल्यावर अप्पांनीही खाल्लं आणि घामाघूम होऊन म्हणाले, "सॉस वाढ." घाण उतरत होते आणि प्रयोग चालू होता. शेवटची दोन बिस्किटं उरली, तेव्हा आनंदीबाई टोपापुढे चिमटा घेऊन उभ्या राहिल्या.

"आता पुढे येतलो तो भाजतलो!"

"न्हाई चढत," हवालदार ढेकर देत म्हणाले. "पन खात्रीसाटी पुढच्या बुधवारी पुन्ना बगावं लागंल."

समिती गेली आणि दिवेलागणीला दत्ताराम आला. आनंदीबाईंनी ताट पुढे केलं आणि समोरच बसल्या. दुर्गा दाराआड. दत्तारामाने पहिलं बिस्किट सावकाश खाल्लं. दुसरं त्याहून सावकाश. मग वाटीतला सॉस बोटाने पुसून घेतला.

"जावयबापू," आनंदीबाई म्हणाल्या, "तिकीट काडलात?"

"एकच काडलंय. तुमका जमात असा वाटूक नाय."

"मग उद्या जावन दुसरा काडा!"

"दुसरा कित्याक? आसा ताच परत करतंय." त्याने ताट बाजूला सारलं. "आये, खरा सांगू? बोटीर मी कांदे सोलतंय. ही बिस्किटां रोज सायबांकडे जाताना बघलंय, दारातसून वास घेतलंय. खावक कधी गावली नाय. ती जर हय गावतत, तर बोटीर कशाक मरूक जावचा?"

आनंदीबाई दाराकडे वळल्या. "सांग गो ह्येंका! खोली घेतलंय म्हणाले हत, साक्ष ठेवन!"

दुर्गा दाराआडूनच म्हणाली, "माका मुंबैक जावचा हा, असा मी कोणाक सांगलंय? तुमी कोणी इचारलात?"

दत्ताराम राहिला. कट्ट्याला गाडी थांबते तिथे त्याने चहाचं दुकान घातलं. विहिरीवरच्या बायकांना आता विचारायला जावईही मिळाला. आनंदीबाईंनी काही दिवस पाण्याची वेळ बदलली, मग तेही सोडलं. अप्पांना मात्र घरजावई हा शब्द काही पचला नाही. दर वर्षी पाऊस सरला की ते पडवीतून मोठ्याने म्हणत, "बोटी सुरू झाल्या म्हणतात!"

"झाल्यो, अप्पा," आतून दत्ताराम म्हणे. "च्या घेतल्यात?"

अप्पा चहा घेत.

अप्पा मास्तर सहासष्ट सालच्या माघात वारले. त्यांना मुलगा नव्हता. अग्नी दत्तारामाने दिला.