जज्जसाहेबांची न उघडलेली पत्रं

दाणीकाका कुणाकडेही जेवायला गेले की वाढायच्या डावानं टेबलावर तीनदा ठोकून निकाल द्यायचे. "वरणात मीठ कमी. आरोपी दोषी!" वर स्वतःच हसायचे.

मूळचे नागपूरचे. टेक्सासात तीस वर्षं पूल बांधून रिटायर झाले. काकू गेल्यावर अर्विंगच्या घरून तासभर ड्राइव्ह करून एका लहान गावच्या लायब्ररीत फुकट काम करायला जाऊ लागले. तिथं जुन्या काळच्या एका न्यायाधीशाचे कागद खोक्यांत सडत होते. गावं नुकती वसत होती तेव्हाचा हा माणूस. सकाळी गुरं राखायची, दुपारी झाडाखाली कोर्ट भरवायचं. सहा वर्षं काका ते कागद वाचून, लावून त्यांची यादी करत होते.

कुणाचा व्हिसा अडको, कुणाचं लग्न मोडो, काका म्हणणार, "आमचे जज्जसाहेब असते ना बाप्पा, तर..." मग गाईची गोष्ट. दोघं एका गाईवरून भांडत कोर्टात आले. जज्जसाहेब म्हणाले, सोडा तिला, ज्याच्या दारात जाईल त्याची. गाय थेट जज्जसाहेबांच्याच गोठ्यात गेली.

"मग?"

"मग काय? निकाल लागला!"

ग्रोसरीत काका दिसले की मी तांदळाच्या पोत्यांमागे लपायचो. २००६ साली एकदा मात्र सापडलो. त्यांची गाडी बंद पडली होती, मला त्यांना लायब्ररीत सोडावं लागलं.

लायब्ररीच्या नव्या मुख्य बाईंनी टेबलावर पाकिटांचा गठ्ठा ठेवला होता. जज्जसाहेबांनी शिकागोला मुलाला लिहिलेली पत्रं. मुलानं एकूण एक न उघडता परत पाठवलेली.

"ही उघडा, मिस्टर दाणी. प्रदर्शनात लावायचीत."

"नाही."

"का?"

"ज्याला लिहिली त्यानं उघडली नाहीत. मी कोण?"

बाई गोड हसल्या. "मग आपलं काम संपलं. किल्ली ठेवून जा." आणि काकांच्या देखत त्यांनी पहिलं पाकीट टरकन फाडलं.

काका डोळे मिटून उभे राहिले. मग किल्ली ठेवली, टोपी घेतली. पुढे प्रदर्शनाच्या बोर्डावर सगळ्यांची नावं आली, काकांचं सोडून.

मी त्यांना परत आणून सोडलं. घरी मला बळेच चहाला बसवलं. भिंतीवर त्यांच्या मुलाचा, श्रीचा कॉन्व्होकेशनचा फोटो होता. श्री प्लेनोला राहतो, बिझी असतो, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. गाडीनं अर्धा तास.

"येतो का श्री?" मी उगाच विचारलं.

"आई गेल्यापासून नाही. मी लिहितो दर रविवारी."

"काय म्हणतो तो?"

काकांनी कपातली साखर बराच वेळ ढवळली.

"आधी पत्रं परत यायची," ते म्हणाले. "हल्ली येत नाहीत. म्हणजे ठेवून घेत असेल."

मी मान हलवली. चहा फार गोड झाला होता. मी तो सगळा प्यायलो.