मानाची गोळी

दोष दत्ताजीराव इंगवल्यांचा. त्यांच्या सल्ल्याची गोळी एकशे पंधरा ग्रेन वजनाची आणि गोल नाकाची निघते हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी ती प्रज्योतला दिली.

कोल्हापुरात स्पर्धेच्या पिस्तुलाच्या गोळ्या वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यांच्या ओततात. शिसं मिळेनासं झालं तेव्हापासूनची ही रीत. सल्ला गावात कधी कमी पडत नाही, मागावाही लागत नाही. उद्यमनगरात बाबालाल शिकलगारांचा कारखाना आहे, म्हणजे पत्र्याची एक शेड आणि आत दार लागणारी एक खोली. सल्ला देणाऱ्यानं आत जायचं, साच्यावर वाकून एक वाक्य बोलायचं, बाबालालनी झाकण दाबायचं. दोन मिनिटांत गोळी थंड होते. ओतलेलं वाक्य मग बोलणाऱ्याकडे राहत नाही, आठवणीतसुद्धा नाही. ज्याच्यासाठी गोळी ओतायची त्यानं ते ऐकायचं नसतं. ऐकलं तर गोळीत पोकळी राहते. म्हणून तो बाहेर बाकावर बसतो. गोळी उडते तेव्हा वाक्य एकदाच मोठ्यानं वाजतं आणि संपतं. नेमबाजीच्या रेंजवर सगळे कानांना मफ लावून उभे असतात ते त्यासाठीच.

प्रज्योत चौगले चोवीस वर्षांचा होता. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा त्यानं दुसऱ्या वर्षाला सोडला होता आणि त्यानंतर हातात काही टिकलं असेल तर ते नेमबाजी क्लबाचं पिस्तूल. पुण्याला निवड चाचणी होती. सहाशेपैकी पाचशे साठ गुण पडले की राज्याच्या संघात, आणि संघात आलेल्याला खेळाडूंच्या जागेवर पोलिसात घेणार होते. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची चाचणी. पुढच्या वर्षी तो पंचविशीचा होणार होता, आणि पंचविशी ओलांडलेल्या बिनडिप्लोम्याच्या पोराला कोल्हापुरात फक्त सल्ले मिळतात.

"चाचा, साठ पाहिजेत," तो बाबालालना म्हणाला. "सगळ्या एका वजनाच्या. चपट्या तोंडाच्या."

"वजन किती?"

"अठ्ठ्याण्णव ग्रेन."

बाबालालनी बाकावर बसलेल्या त्याच्या मामांकडे पाहिलं. "ह्यांच्याकडनं? हे त्र्याऐंशीच्या वर जायचे न्हाईत."

त्यांचं खरं निघालं. मामा विम्याचे एजंट. विमा काढून ठेव, हा त्यांचा सल्ला, आणि त्यांनी स्वतः सात विमे काढलेले. देणाऱ्यानं स्वतः पाळलेला सल्ला हलका होतो. गोळी भर्रकन जाते, पण प्रज्योतच्या पिस्तुलातून ती एका जागी बसत नव्हती. पंचवीस मीटरवर पाच गोळ्यांची पाच भोकं पाच दिशांना. त्याउलट जो सल्ला फक्त दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेला असतो तो जड. जड गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, तोवर धक्क्यानं नळी वर उठते, आणि भोक वर पडतं. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या चुलत्यांची गोळी एकशे चारची निघाली. नाक तर असं गोल की टेबलावर उलटी उभी राहीना. काय बोलले ते बाहेर ऐकू आलं नाही, पण नाकावरून कळत होतं की वाक्य 'आमच्या वेळी' इथून निघून गावाला वळसा घालून आलं होतं.

नाकाचं महत्त्व असं, की गोल नाक कागद फाडत नाही, बाजूला सारतं. गोळी गेली की कागद पुन्हा मिटतो आणि भोक आहे त्याहून लहान दिसतं. चपटं तोंड कागद कापतं, तिकिटाला भोक पाडतात तसं स्वच्छ. भोकाची कड वरच्या गुणाच्या रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. चाचणीत माणसं अशा शिवण्यावर जगतात आणि मरतात. आणि चपटं तोंड फक्त सरळ बोलणाऱ्याच्या वाक्याला येतं.

प्रज्योतनं महिनाभरात अकरा वडीलधारे आणून बसवले. अकराही गोल.

बाराव्याला त्यानं बोलावलं नव्हतं. त्याचे वडील, गणपती चौगले, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. त्यांना घरात आबा म्हणत. डिप्लोमा सोडला त्या दिवशी आबांनी प्रज्योतच्या कानाखाली वाजवली होती, आणि नंतरची तीन वर्षं दोघांत 'मीठ सरकव' याच्यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. प्रज्योत जेवत असताना ते दारात उभे राहिले.

"मी येऊ काय?"

"कशाला?"

"गोळ्यांना."

"तुम्ही कधी कुणाला सल्ला दिलाय, आबा?"

"न्हाई दिला," आबा म्हणाले. "म्हणजे शिल्लक असतील."

सकाळी दहाला ते आत गेले. प्रज्योत बाकावर बसला. पहिल्या गोळीला पंधरा मिनिटं लागली. दार उघडून बाबालालनी ती काट्यावर ठेवली, मग उलटी करून टेबलावर उभी केली. ती उभी राहिली.

"अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले. "तोंड बघ. सुरीनं कापल्यागत."

"दुसरी जमेल?"

"भोगून शिकल्याला माल हाय हा. असला पाळल्यालाबी नसतोय आन् नुसता सांगायचाबी नसतोय. मधलं वजन बसतं." त्यांनी दार अर्धं लोटलं आणि पुन्हा उघडलं. "काय बोलला म्हणून मला विचारू नगंस. धंद्यात बसत न्हाई."

प्रज्योतनं विचारलं नाही. संध्याकाळी पाचला साठावी गोळी काट्यावर चढली. साठही अठ्ठ्याण्णवच्या. आबा बाहेर आले तेव्हा बनियन पाठीला चिकटला होता. ते बाकावर बसून पाणी प्याले आणि त्यांनी पोराकडे असं पाहिलं, जणू याला काहीतरी सांगायचं होतं आणि ते काय हे आता आठवत नाही.

"जाऊया?" ते म्हणाले.

त्या आठवड्यात प्रज्योतनं घरच्या हातप्रेसवर साठ पितळी पुंगळ्यांत दारू भरली आणि प्रत्येकीत एकेक गोळी दाबून बसवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एखादं काम पूर्ण केलं होतं.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी दत्ताजीराव इंगवले आले. क्लबाचे अध्यक्ष, चाळीस वर्षं. क्लबाची रीत अशी, की चाचणीला जाणाऱ्याच्या साठ गोळ्यांत एक अध्यक्षांची, मानाची, आणि ती शेवटी झाडायची. दत्ताजीरावांना वाक्य खर्च झाल्याचं दुःख नव्हतं, कारण त्यांच्याकडे एकेका वाक्याच्या शंभर शंभर प्रती होत्या. विड्याच्या पानावर ठेवून त्यांनी गोळी पुढे केली. पुंगळीत बसवूनच आणली होती.

"साहेब, ही चालणार नाही," प्रज्योत म्हणाला. "वजन वेगळं, नाक वेगळं. साठ सारख्या असल्या तरच उपयोग."

"बाळ, चाळीस वर्षं देतोय. आजवर कुणी वजन विचारलं नाही."

"आजवर कुणी निवडलं गेलंय?"

दत्ताजीरावांनी त्याच्याकडे न बघता आबांकडे बघितलं. "चौगले, पोरगं शिकलं न्हाई ते कळतंय."

आबा उठले. त्यांनी पान दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. डबा उघडला, कडेची एक गोळी काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि त्या जागी मानाची ठेवली.

"आबा, काय करताय?"

"ऱ्हाऊ दे. मोठा माणूस हाय."

दत्ताजीराव चहा घेऊन गेले. साखर कमी पडली असं म्हणाले.

पुण्याला तपासणीच्या टेबलावरच्या अधिकाऱ्यानं डबा उघडून फॉर्म पुढे ओढला.

"सल्ले कुणाचे?"

"एकोणसाठ वडिलांचे. एक अध्यक्षांचा."

"वडिलांनी स्वखुशीनं दिलेत?"

"हो."

"अध्यक्षांचा तुम्ही स्वखुशीनं घेतलात?"

प्रज्योतनं डब्यातल्या कडेच्या गोळीकडे पाहिलं. अधिकाऱ्यानं रकाना भरला. "मानाची असेल तर 'लागू नाही' लिहितो," तो म्हणाला आणि शिक्का मारला. डब्यावर शिक्का बसल्यावर आतली गोळी बदलता येत नाही.

पहिल्या तीस गोळ्या सावकाश झाडायच्या होत्या, पुढच्या तीस घाईच्या. घाईच्या फेरीत लक्ष्य तीन सेकंद समोर वळतं, सात सेकंद पाठ फिरवतं. प्रज्योत मफ लावून उभा होता. एकामागून एक भोकं पडत होती, स्वच्छ, गोल, कापल्यासारखी. चार भोकं रेषेला शिवली आणि चारही वेळा पंचानं वरचा गुण दिला. प्रत्येक गोळीबरोबर त्याच्या बापाचं एक वाक्य त्या आवारात मोठ्यानं वाजत होतं आणि संपत होतं. मफ चांगल्या प्रतीचे होते. त्याला काही ऐकू आलं नाही. बाकीच्यांनीही मफ लावले होते.

एकोणसाठ गोळ्यांनंतर पाचशे बावन्न झाले. आता आठ हवे होते. आठ तो अर्धवट झोपेतही पाडायचा.

लक्ष्य वळलं. त्यानं हात उचलला आणि चाप ओढला. गोळी नळीत रेंगाळली. नळी वर उठली. मफच्या आतूनसुद्धा त्याला दत्ताजीरावांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "आमच्या वेळी, बाळ, एवढ्या सोयी नव्हत्या, तरी आम्ही काय कमी केलं?"

भोक वर पडलं, आठाच्या रेषेच्या अगदी बाहेर. पंच भिंग घेऊन गेला. कागद मिटला होता.

"चपट्या तोंडाची असती तर शिवली असती," पंच म्हणाला. "ही गोल आहे. सात."

प्रज्योतनं हरकत नोंदवली. तिघांच्या समितीनं वीस मिनिटं विचार केला. त्यांनी लेखी कळवलं की सल्ल्याचं नाक ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. तिघेही साठीच्या पुढचे होते.

पाचशे एकोणसाठ.

घरी आल्यावर त्यानं सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. "आता मी काय करू?" असं त्यानं विचारलं, बापाला पहिल्यांदाच. आबांनी तोंड उघडलं. बराच वेळ उघडं ठेवलं. मग मिटलं, खिशातून ती काढलेली गोळी बाहेर घेतली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"मीठ आणायला पाहिजे," ते म्हणाले.

प्रज्योत बाबालालकडे गेला. गोळी वितळवली तर वाक्य आबांना परत मिळेल का, असं त्यानं विचारलं. मिळंल, बाबालाल म्हणाले, पण बोलतील का न्हाई ते मी सांगू शकत न्हाई. आजवर कुठं बोलले हुते. प्रज्योतला ते पटलं.

रविवारी क्लबाची रेंज रिकामी होती. त्यानं एक कागद लावला, पंचवीस मीटर मागे आला, पिस्तुलात एकच गोळी भरली आणि मफ काढून बाकावर ठेवले. गोळी बरोबर मधे गेली. आबांचा आवाज भिंतीवर आपटून परत आला, नेहमीपेक्षा थोडा तरुण.

"मोठ्या माणसाला न्हाई म्हणायला शीक. मला जमलं न्हाई."

भोक स्वच्छ होतं. दहा.

दत्ताजीरावांना पुढच्या महिन्यात क्लबानं एक्केचाळीसाव्या वर्षासाठी बिनविरोध निवडलं. प्रज्योतचा एक गुण गेला, पोलिसातली नोकरी गेली, आणि बापाची साठ वाक्यं गेली. त्यातलं त्यानं एक ऐकलं.