अध्यक्षांच्या खुर्चीखालची चटई

"यंदाचा पाडवा आपण आकाशातून शूट करायचा," असं मंडळाचे अध्यक्ष विघ्नेश धामणकर यांनी जाहीर केलं, तेव्हा प्रमिलाताईंनी विचारलं, "आकाशातून माणसं ओळखू येतात का हो?"

"काकू, फोर के आहे! कपाळावरचं कुंकूसुद्धा दिसतं."

प्रमिलाताईंना तेवढंच हवं होतं. पुढच्या महिन्यात त्या कायमच्या चिपळूणला परतणार होत्या. अमिरातीत अडतीस वर्षं झाली होती. दौलतराव रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात लागले, त्याच वर्षी त्यांनी खांद्यावर धरायचा व्हिडिओ कॅमेरा घेतला. तेव्हा मंडळ म्हणजे अकरा कुटुंबं आणि एक सतरंजी. अध्यक्ष नव्हता, कारण खुर्चीच नव्हती. दौलतरावांनी प्रत्येक सण टिपला. एकतीस कॅसेटी भरल्या. त्यांत सगळे होते. प्रमिलाताईंचं मात्र एक कोपर, अर्धा पदर आणि पुरी वाढणारा हात एवढंच होतं. "प्रमिला, जरा बाजूला हो, मागची गुढी झाकतेय," हे वाक्य तेवढं प्रत्येक कॅसेटमध्ये खणखणीत ऐकू यायचं. आता दौलतराव नव्हते. निदान एका फिल्ममध्ये आपण अख्ख्या दिसावं आणि ती चिपळूणला न्यावी, एवढीच प्रमिलाताईंची इच्छा होती. त्यांनी हिरवी नारायणपेठ इस्त्रीला टाकली.

उम्म अल कुवैनला एक फार्म भाड्यानं घेतला होता. मधल्या सिमेंटच्या अंगणात चाळीस फुटी मोराची रांगोळी प्रमिलाताई काढून घेणार होत्या. साडेतीन तासांचं काम ड्रोननं दीड मिनिटात दाखवायचं होतं. ड्रोनवाला झुबेर मूळचा खेडचा. लायसन्स, परवानगीचे कागद, सगळं फायलीत लावून आला होता. त्यानं अंगणापासून दूर, वाळूवर एक केशरी गोल चटई अंथरली.

"काकी, बॅटरी पंचवीस मिनटं चालते. मग याला खाली आणायचा, बॅटरी बदलायची, परत तिथंच वर. हा चटईवरच उतरतो. वाळू आत गेली की मोटर खलास."

तेवढ्यात अध्यक्ष आले. त्यांची खुर्ची मांडली तर पाय वाळूत रुतू लागले. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्ची चटईवर ठेवून घेतली. वर छत्री लावली. बाजूच्या स्टुलावर समोशांची बशी आली.

"साहेबांना कुणीतरी सांगा ना," झुबेर हळूच म्हणाला.

कार्यकारिणीचे नऊजण उभे होते. एकाच्या मेव्हण्याचा सीव्ही साहेबांच्या टेबलावर पडून होता. दुसऱ्याच्या मुलीची ॲडमिशन साहेबांच्या ओळखीनं व्हायची होती. उरलेल्या सातांनी आभाळाकडे पाहिलं.

"यल्ला, सुरू करा!" अध्यक्ष म्हणाले. "मी इथून लक्ष ठेवतो."

पंचवीस मिनिटं छान गेली. मग झुबेरनं ड्रोन खाली आणला. चटईवर अध्यक्ष, भोवती वाळू. शेवटी त्यानं तो अंगणाच्या कोपऱ्यावर उतरवला. पंख्यांचा असा वारा सुटला की मोराची मान उठली आणि थेट जेवणाच्या मांडवात गेली. श्रीखंड निळं झालं.

"मेल्या, मोर गेला!" प्रमिलाताई हात वर करून धावल्या. "वर ने! वर ने त्याला!"

"काकी, बॅटरी संपली, वर कसा नेऊ?"

"काकू, पॅनिक नको," अध्यक्ष खुर्चीतून म्हणाले. "प्रोसेसवर विश्वास ठेवा."

प्रमिलाताईंनी प्रोसेसवर विश्वास न ठेवता स्वयंपाकघर गाठलं. रंग उडतो, धान्य उडणार नाही! मान मुगाची, पंख मसुराचे, पिसारा तांदळाचा. त्यामुळे मसालेभाताचे तांदूळ पिसाऱ्यात गेले आणि वरणाची डाळ पंखांत. लोक भुकेजले, मुलं "व्हेन इज लंच?" म्हणून रडू लागली. ड्रोन आणखी सहा वेळा उतरला. सहाही वेळा प्रमिलाताई त्याच्या समोर जाऊन ओरडल्या. अध्यक्ष मात्र लक्ष ठेवून होते.

पुढच्या रविवारी दुबईतल्या अल बर्शात, अध्यक्षांच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. प्रमिलाताई पहिल्या रांगेत, तीच नारायणपेठ नेसून बसल्या.

पडद्यावर मोर भराभर उमलला. भोवती माणसांचे नुसते फराटे पळत होते.

"यात मी कुठाय रे?"

"तो हिरवा डाग, काकी." झुबेर ओशाळला. "काय होतं, यात जो हलतो तो पुसला जातो. जो जागा सोडत नाय, तोच दिसतो."

आणि खरंच, अख्ख्या पडद्यावर एकच माणूस स्वच्छ दिसत होता. कोपऱ्यात, तिरक्या छत्रीखाली. सावली त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखी सरकली, बशीतले समोसे एकेक करून नाहीसे झाले, माणूस हलला नाही. हॉलमध्ये खुसखुस सुरू झाली.

अध्यक्षांना ती कौतुकाची वाटली. "बघितलंत? लीडर स्थिर असला की टीम धावते. झुबेर, एवढंच का? जेवढं शूट केलंय तेवढं सगळं लाव."

"साहेब, बाकी कचरा आहे. उतरवताना कॅमेरा चालूच ठेवतो मी, पडला-बिडला तर पुरावा म्हणून. ते कापून टाकलेलं."

"त्यातही मी असेन ना? लाव!"

झुबेरनं लावलं. जमीन वर येऊ लागली आणि पडदाभर प्रमिलाताई आल्या. दौलतराव गेल्यावरही न सोडलेलं कपाळावरचं कुंकू खरंच दिसत होतं. ड्रोन आवाज टिपत नाही, पण 'मेल्या' सगळ्यांना ऐकू आलं. हॉल हसला. दुसऱ्या वेळी हातात मुगाचं पातेलं होतं. तिसऱ्या वेळी नाकावर मसूर.

सातव्या वेळी मात्र त्या कॅमेऱ्याकडे बघतच नव्हत्या. पाठमोऱ्याही नव्हत्या. अंग आडवं वळवून, बोट लांब करून, मागच्या केशरी चटईवरच्या खुर्चीला काहीतरी सांगत होत्या. ओठ स्पष्ट दिसत होते. शब्द एकच होता, आणि तो पुनःपुन्हा होता.

"उठा!" मागच्या रांगेतून कुणीतरी वाचलं.

"उठा! उठा!" अख्खा हॉल म्हणू लागला. मेव्हण्याचा सीव्हीवालासुद्धा. पडद्यावरच्या अध्यक्षांनी समोसा उचलला. हॉलमधले अध्यक्ष मात्र उठले आणि दिवे लावायला स्वतः गेले.

बाहेर पडताना झुबेरनं पेन ड्राइव्ह पुढं केला. "काकी, फायनल फिल्म. चिपळूणला दाखवा सगळ्यांना."

प्रमिलाताईंनी तो परत केला.

"ही राहू दे मंडळाला. मला तुझा कचरा भरून दे. सातही वेळचा." दोन पावलं जाऊन त्या थांबल्या. "कॅमेरा धरणाऱ्याला ओरडायचं अडतीस वर्षं राहिलं होतं रे."